गोदेच्या पुराआधी दप्तरे हलवण्याची लेखी व्यवस्था हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैशाख सरत आला की नाशिकमध्ये पावसाळ्याची तयारी सुरू होते. नाले साफ होतात, जुन्या नाशकातील मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा लागतात, बोटी आणि जीवरक्षक जॅकेटे तपासली जातात, गोदाघाटावरील टपरीधारकांना आणि सराफ बाजारातील दुकानदारांना सावध केले जाते. ही कामे आवश्यक आहेत आणि ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु गेली कित्येक वर्षे ही तयारी जवळून पाहताना एक उणीव मला सतत जाणवत आली आहे, आणि तिच्याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे जिल्हा प्रशासनाचे, महापालिकेचे आणि नाशिककरांचे लक्ष वेधावे म्हणून हे लिहीत आहे. नदीकाठच्या ग्रंथालयांत, मठमंदिरांत, वाड्यांत आणि तीर्थोपाध्यायांच्या घरांत असलेली हस्तलिखिते, पोथ्या, वंशावळीच्या वह्या, ताम्रपट, जुनी छायाचित्रे आणि दप्तरे पूर आला तर कोणी, कधी आणि कोठे हलवायची, याचे उत्तर या तयारीत कोठेच लिहिलेले आढळत नाही.

नाशिकजवळ असे जपण्यासारखे काय आहे, हे नाशिककरांना सांगण्याची खरे तर गरज नाही. तरी एकदा एकत्र मांडून पाहावे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक असून त्याच्याकडे ग्रंथांखेरीज पोथ्यांचा आणि वस्तूंचाही संग्रह आहे. सराफ बाजारालगतचा पेशवेकालीन सरकारवाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे. शहराबाहेर अंजनेरीला १९८० च्या दशकापासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था काम करते आहे. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली नावे. यांच्याइतकाच मोलाचा, पण कोणत्याही यादीत नसलेला ऐवज पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी आहे. यात्रेला आलेल्या माणसाने आपले नाव, गाव, वाडवडिलांची आणि भावाबंदांची नावे, येण्याचे निमित्त हे सारे स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचे, आणि पुढच्या पिढीतील कोणी आला की त्याला ते पान उघडून दाखवायचे, ही परंपरा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या कुटुंबांचे गावाकडचे कागद दुष्काळात, स्थलांतरात किंवा भाऊबंदकीत नाहीसे झाले, त्यांच्या पूर्वजांचे हस्ताक्षर आज कोठे शिल्लक असेल, तर ते कदाचित रामकुंडापासून दोन गल्ल्यांवरच्या एखाद्या माजघरात, तांबड्या कापडी रुमालात बांधलेले असेल. त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

मी आयुष्यभर शाळेत ग्रंथपाल म्हणून काम केले. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा नदीजवळच्या एका लहान ग्रंथसंग्रहाला मदत करण्यासाठी मी आणि माझ्या काही विद्यार्थिनी पाणी ओसरताच गेलो होतो. त्या संग्रहाचे नाव मी सांगत नाही, कारण तेथील माणसांनी आपल्या परीने जिवापाड धडपड केली होती, आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी वेगळे घडले नसते. पाणी जेमतेम साडेतीन फूट चढले होते. लोखंडी कपाटांतील खालच्या तीन फळ्यांवरची पुस्तके फुगून एकमेकांत अशी आवळून बसली होती की हात घालून एकही पुस्तक निघेना. एका लाकडी कपाटाची बाजू पुस्तकांच्या फुगण्याने उकलली होती. आम्ही ती पुस्तके ओढून काढली आणि त्यात पुठ्ठे सुटले. काढलेली पुस्तके उघडून गच्चीवर उन्हात मांडली, दुपारी सर आली म्हणून धावपळ करून ती गोणपाटात भरली आणि जिन्याखाली रचली. चौथ्या दिवशी गोणपाट उघडले, तेव्हा आत काळीहिरवी बुरशी धरली होती. वासाने कोणाला उभे राहवेना. शेवटी ती सगळी कचऱ्याच्या गाडीतून गेली.

त्या संग्रहाची दाखल नोंदवही तळाच्या खणात होती. ती फाउंटन पेनच्या निळ्या शाईने लिहिलेली असल्यामुळे पानांवर फक्त निळसर डाग उरले. त्यामुळे काय गेले, हेदेखील पुढे कोणाला सांगता आले नाही. पंचनाम्यासाठी आलेल्या कर्मचाऱ्याने भांडी, धान्य, फर्निचर यांच्या नोंदी व्यवस्थित घेतल्या. पोथ्यांची किंमत काय लिहू, असे त्याने विचारले तेव्हा आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही, आणि तो रकाना कोरा राहिला. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. किंमत ठरवण्याची वेळ पूर ओसरल्यानंतरची नव्हतीच. ती त्याआधी कित्येक वर्षे येऊन गेली होती.

त्या दिवसांत आम्ही केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची होती, हे मला नंतर वाचून आणि जाणकारांना विचारून कळले. ते इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण अनेक ठिकाणी अजूनही लोक तेच करतात. कागद भिजला की साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यातील आपली दमट हवा तिला अधिकच मानवते. म्हणून पहिले दोन दिवस निर्णायक असतात. जुन्या हातकागदाची पुस्तके आपल्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतात. त्यामुळे ती जवळजवळ दुप्पट जड आणि ओल्या पोळीसारखी लेची झालेली असतात, त्यांना खेचून काढणे किंवा उघडून पाहणे म्हणजे फाडणेच होय. चिखल लागलेले पुस्तक मिटलेल्या अवस्थेतच धरून स्वच्छ पाण्यात हलकेच विसळावे लागते, चोळायचे नसते. तेसुद्धा शाई टिकाऊ असेल तरच. काजळीची काळी शाई रंगाने पक्की असते, मात्र डिंकाने बांधलेली असल्याने ओली असताना बोट फिरवले की पसरते. टाकाच्या आणि फाउंटन पेनच्या रंगीत शाया तर पाण्यात विरघळूनच जातात. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेले सचित्र अंक एकदा चिकटून वाळले की त्यांची वीट होते आणि ती पुन्हा सुटत नाही, म्हणून असे अंक तज्ज्ञाच्या हाती जाईपर्यंत ओलेच ठेवावे लागतात, हे ऐकून मला तेव्हा नवल वाटले होते. कडक उन्हाने कातडी बांधणी आक्रसते, लाकडी फळ्या तडकतात आणि पाने वेडीवाकडी होतात. थोडी ओल असलेली पुस्तके सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालून आणि तो वारंवार बदलून वाळवता येतात. पूर्ण भिजलेल्या शेकडो पुस्तकांच्या बाबतीत मात्र हे दोन दिवसांत करणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे असते. तिथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे गोठवणे. उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेला ओला कागद आहे त्या स्थितीत महिनोन्‌महिने राहू शकतो. बुरशी त्याने मरत नाही, पण थांबते, आणि पुढे काय करायचे ते शांतपणे ठरवायला अवधी मिळतो. त्यानंतर निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ करून कागद सुकवण्याची पद्धत वापरता येते; अन्नप्रक्रिया आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांना ती परिचित आहे.

ही केवळ नाशिकची गोष्ट नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, जे १८६४ पासून चालू आहे, २००५ च्या जुलैमधला पूर सोसला, पुन्हा उभारी घेतली आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरात पुन्हा मोठी हानी सोसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत ग्रंथालयांपर्यंत पाणी नेले. जम्मू-काश्मीरमध्ये सप्टेंबर २०१४ च्या पुरात झेलमचे पाणी श्रीनगरच्या श्री प्रताप सिंह संग्रहालयात शिरले होते. या प्रत्येक ठिकाणी नंतर मदत आली, माणसे धावली. पण संग्रहाच्या बाबतीत नंतरची मदत ही बहुधा उरलेल्याचीच मदत असते.

याउलट, आधी ठरवून ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे आहे. जून २०१६ मध्ये सेन नदी वाढू लागली, तेव्हा त्या संग्रहालयाने दरवाजे बंद केले आणि तळघरांतील भांडारांमधून हजारो वस्तू वरच्या दालनांत हलवल्या. त्यांच्याकडे पुराची आगाऊ आखणी होती. कोणत्या खोलीतले काय आधी उचलायचे, हे लेखी होते आणि त्याची तालीमही झालेली होती. पाणी शेवटी भांडारात शिरले नाही. राखीव संग्रह नदीपासून दूर लिएव्हँ येथे नेण्याचे त्यांनी त्या पुराआधीच ठरवले होते, आणि त्यासाठी उभारलेले स्वतंत्र केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. हे वाचून कोणी म्हणेल की त्यांच्याकडे पैसा आहे. पण पुस्तके वरच्या मजल्यावर नेण्याचा क्रम कागदावर लिहून काढण्याला पैसा लागत नाही. फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर आला, तेव्हा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे बहुमोल संग्रह तळघरात आणि तळमजल्यावर होते. चिखलातून पुस्तके काढायला ठिकठिकाणचे तरुण धावून आले, आणि ओला कागद वाचवण्याचे आजचे बरेचसे शास्त्र त्या चिखलातच घडले. मात्र तेव्हा भिजलेल्या ग्रंथांवरील काम कित्येक दशके पुरले. श्रीमंत शहरेही तळघराच्या बाबतीत चुकतात.

आता नाशिकचे बोलायचे, तर आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे जी पॅरिसलाही हेवा वाटावी अशी आहे. पुराची पातळी ओळखण्याचे आपले माप साऱ्या गावाला तोंडपाठ आहे. गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, मारुती बुडाला. आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा पंचवटीतील लहान मुलांनासुद्धा त्याचा अर्थ कळत होता. क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून आपल्या उंबऱ्याशी पाणी केव्हा येईल हे उमगत नाही. मारुतीचे माप मात्र प्रत्येकाच्या उंबऱ्याशी जोडलेले आहे. माझी सूचना अशी आहे की, नदीकाठच्या प्रत्येक संग्रहाने आपली कृती याच मापाशी बांधावी. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची सूचना आली की खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या. मारुतीच्या गुडघ्याला पाणी आले की तळमजल्यावरील हस्तलिखिते, नोंदवह्या आणि छायाचित्रे वरच्या मजल्यावर न्यायची. कमरेला आले की विजेचा मुख्य खटका बंद करायचा आणि जे उचलता येत नाही ते प्लास्टिकच्या जाड कापडाने वरून खालपर्यंत झाकायचे. त्यापुढे कोणीही आत थांबायचे नाही; कारण कोणतीही पोथी माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही, आणि हा नियमही त्याच कागदावर लिहिलेला असावा. प्रत्येक इमारतीची उंची वेगळी असल्याने प्रत्येकाची पायरी वेगळी असेल. ती ठरवायला एक दुपार पुरते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे पाणी आपल्या भिंतीवर कोठवर आले होते, ते दाखवणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडून भिंतीवर त्या तीन रेघा मारून घ्याव्यात, आणि सर्वांत वरच्या रेघेखाली एकमेव असा कोणताही कागद पावसाळ्यात राहू नये.

दुसरी सूचना शीतगृहांची आहे, आणि तिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हा उपाय करण्याची सोय नाशिकइतकी फार थोड्या जिल्ह्यांत असेल. पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी, ओझर या पट्ट्यात द्राक्षांच्या निर्यातीसाठी शीतगृहे आणि पॅकहाऊस मोठ्या संख्येने उभी आहेत. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. गोदेला पूर येतो तो जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमका द्राक्षे नसताना. द्राक्षांची खोली शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. त्या तापमानाला कागद गोठत नाही, पण बुरशीची वाढ पुष्कळ मंदावते आणि दोन दिवसांचे काही आठवडे होतात. गोठवलेला भाजीपाला किंवा आइस्क्रीम साठवणाऱ्या खोल्या तर उणे १८ अंशांच्याच असतात. अशा दोन-तीन शीतगृहचालकांशी जिल्हा प्रशासनाने आधीच करार करून ठेवावा की पूर आल्यास ठराविक जागा संग्रहांच्या ओल्या कागदांसाठी मिळेल, भाडे किती, किल्ली कोणाकडे, गाडी कोणाची. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. द्राक्षे टिकवण्यासाठी पेटीत घालतात त्या कागदी पॅडमधून गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो कागदाचे आम्ल वाढवून त्याला ठिसूळ करतो. म्हणून कागद ठेवण्यापूर्वी ती खोली धुऊन, मोकळी हवा खेळवून घ्यावी आणि तिथे असे पॅड राहू देऊ नयेत. काचेच्या निगेटिव्ह आणि तैलचित्रे गोठवू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी, कोरडी जागा हवी.

नेआण करायला वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही. टोमॅटोसाठी गिरणारे आणि पिंपळगावच्या बाजारात वापरतात ती जाळीदार प्लास्टिकची क्रेट या कामासाठी उत्तम आहेत. पाणी खाली निथळते, हवा खेळते, एकावर एक रचली तरी आतल्या वस्तूवर भार येत नाही. ओली पुस्तके क्रेटमध्ये एकाच ओळीत, कणा खाली करून, थोडी सैल उभी ठेवावीत, मध्ये मध्ये मेणकागद घालावा आणि क्रेट अर्धेअधिकच भरावे. कारण भरलेले ओले क्रेट दोन माणसांनाही उचलत नाही. प्रत्येक क्रेटला कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असलेली पट्टी पेन्सिलीने लिहून बांधावी. पेन्सिलीचा उल्लेख मुद्दाम केला. पेनने लिहिलेल्या पट्ट्या आमच्याकडून २००८ मध्ये धुऊन गेल्या होत्या.

हे सारे करायचे तर आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत हवे. अनेक लहान संग्रहांची सूची अर्धवट आहे, किंवा एकाच हस्तलिखित वहीत आहे, किंवा एका वृद्ध गृहस्थांच्या स्मरणात आहे. सूचीच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यातली एक नदीपासून दूर, इंदिरानगर किंवा सातपूरसारख्या ठिकाणी एखाद्या विश्वासू संस्थेकडे ठेवावी. अलीकडे पोथ्यांचे स्कॅनिंग पुष्कळ ठिकाणी झाले आहे, ही समाधानाची बाब आहे. पण ज्या हार्ड डिस्कवर ती छायाचित्रे आहेत, ती त्याच पोथ्यांच्या कपाटात, त्याच तळमजल्यावर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. पूर आला तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच रात्री जातील. त्याशिवाय प्रत्येक संग्रहाने सर्वांत आधी उचलायच्या वस्तूंची एक छोटी यादी करावी. तीत वीस-पंचवीसच वस्तू असाव्यात, कारण सगळेच महत्त्वाचे आहे असे म्हटले की अंधारात, घाईत हाताला लागेल तेच उचलले जाते. ही यादी मात्र जाहीर करू नये. चोरांनाही तीच यादी हवी असते. ती बंद पाकिटात संस्थेच्या दोन जबाबदार व्यक्तींकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात असावी, आणि ताम्रपट, मूर्ती, नाणी यांसारख्या वस्तूंच्या बाबतीत १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या तरतुदी सांभाळूनच नेआण व्हावी.

प्रशासनाला हे करण्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना असते आणि तिचा वेळोवेळी आढावा घ्यावयाचा असतो. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये संग्रहालयांसाठी आणि सांस्कृतिक वारसास्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन नाशिक जिल्ह्याच्या योजनेत सांस्कृतिक संग्रहांसाठी एक प्रकरण जोडावे: पूररेषेतील संग्रहांची यादी, प्रत्येकाचा संपर्क अधिकारी, पर्यायी जागा, शीतगृहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणांहून तज्ज्ञ बोलावण्याची रीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांची तपासणी होतेच. त्या तपासणीत दुर्मीळ ग्रंथ कोणत्या फळीवर आहेत, एवढा एक प्रश्न वाढवला तरी पुष्कळ कपाटांची रचना बदलेल.

येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने हे विशेष निकडीचे आहे. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या पर्वण्या २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होत्या. २०२७ च्या पर्वण्याही पावसाळ्यातच येत आहेत. त्या दिवसांत रामकुंडाकडे जाणारे रस्ते गर्दीने किंवा बंदोबस्ताने बंद असतील. अशा वेळी पाणी वाढले तर संपूर्ण यंत्रणा, योग्यच आहे, माणसे हलवण्यात गुंतलेली असेल, आणि एखाद्या संग्रहाला क्रेट भरलेली जीपसुद्धा दारापर्यंत आणता येणार नाही. म्हणून त्या वर्षी नदीकाठचे एकमेव कागद आषाढातच उंचावरील जागी हलवून कार्तिकात परत आणावेत, असे मला वाटते. कोट्यवधींच्या कामांत या नेआणीचा खर्च दिसणारसुद्धा नाही.

आगीविषयी थोडेच लिहिते, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. जुन्या वाड्यांतील वायरिंग आणि लाकडी माळे यांच्यामुळे तो धोका वर्षभर असतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती फायली गेल्या, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली, तेव्हा जवळच्या हायड्रंटला पाणीच नव्हते. आपल्या संग्रहापासून सर्वांत जवळचा हायड्रंट कोठे आहे आणि तो चालतो का, हे अग्निशमन दलाला बोलावून एकदा पाहून घ्यावे. कागदाच्या खोलीत रासायनिक पुडीऐवजी कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे ठेवता येईल का, तेही त्यांनाच विचारावे, कारण ती पूड कागदावरून आणि धातूवरून काढणे कठीण असते. आणि संग्रह म्हणजे केवळ कपाटातला, असे नव्हे, हेही जाता जाता नोंदवते. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकला उत्खनन केले, त्यातून या गावाची प्राचीनता पुराव्याने सिद्ध झाली. काझीची गढी, म्हणजे जुन्या नाशकातील नदीकाठची मातीची टेकडी, आज दर पावसाळ्यात थोडी थोडी नदीकडे ढासळते. तिच्यावर राहणाऱ्या कुटुंबांची सुरक्षा हा पहिला प्रश्न आहेच. पण ढासळणाऱ्या मातीबरोबर जे वाहून जाते, त्याच्याकडेही पुरातत्त्व खात्याने प्रत्येक पावसाळ्यानंतर लक्ष द्यावे.

शेवटी पंचवटीतील आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्याय कुटुंबांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या घरातील वह्यांवर आपला अधिकार आहे, त्या कोणाच्या स्वाधीन करा असे मी म्हणत नाही. फक्त मृग लागण्यापूर्वी त्या माजघरातून माडीवर घ्याव्यात, रुमाल सुती आणि कोरडे असावेत, थेट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नयेत, कारण आत ओल कोंडली की बुरशी आतूनच धरते. निरगुडीच्या पाल्यापेक्षा कोरडी हवा कागदाला अधिक राखते. ज्यांच्या घराला माडी नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या उंच जोत्यावरील एखाद्या संस्थेने पावसाळ्यापुरती एक कुलूपबंद खोली द्यावी आणि किल्ली त्या कुटुंबाकडेच राहू द्यावी. रुमाल बांधणे, सूची करणे, क्रेटवर पट्ट्या लावणे या कामासाठी मी आणि माझ्याबरोबरच्या चार निवृत्त ग्रंथपाल व बाइंडिंगचे काम केलेले दोन जुने कारागीर दर शनिवारी दुपारी विनामूल्य येऊ शकतो. ज्या कुटुंबांना किंवा संस्थांना आम्ही हवे असू, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. ज्येष्ठ अमावस्येपर्यंतचे शनिवार आम्ही मोकळे ठेवले आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
पंचवटी, नाशिक